लाओडामियाचे वडील

चित्रपटाच्या शेवटावरून मुकुंद देशिंगकर आणि दिग्दर्शक खर्डेकर यांचं वाजलं, तेव्हा संताजी अजून जिवंत होता आणि त्याच खोलीत बसून शेंगदाणे खात होता.

देशिंगकर कोल्हापूरच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. ग्रीक पुराणकथा हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. त्यांवर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं आणि ते कोणी वाचत नाही, अशी तक्रार करता करता त्यांची साठी उलटली होती. मग अवकाशपटांची लाट आली. यानं, परग्रह, यंत्रमानव असं सगळं दाखवून झाल्यावर निर्मात्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे गोष्टच नाही. आपल्या पुराणांना हात लावला की कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावतात. ग्रीक देवांना मात्र आता कोणी वाली उरला नव्हता. त्यामुळे पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या नव्या स्टुडिओत देशिंगकरांना एकदम मान मिळू लागला. ‘सर, एखादी ग्रीक द्या ना,’ म्हणत लोक त्यांच्या घरी येत आणि सर चहा पाजून एखादी देत.

खर्डेकरांना त्यांनी लाओडामियाची गोष्ट दिली होती. ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या ग्रीकांना भविष्यवाणी होते, की शत्रूच्या किनाऱ्यावर जो पहिलं पाऊल ठेवेल तो मरेल. सगळे जहाजातच घुटमळतात. लाओडामियाचा नवरा उडी मारतो आणि मरतो. तिचा आकांत पाहून देव त्याला तीन तासांसाठी परत पाठवतात. तो पुन्हा गेल्यावर ती त्याची हुबेहूब मूर्ती करून घेते, तिच्याशी बोलते, तिच्याशेजारी निजते.

खर्डेकरांनी किनाऱ्याचा परग्रह केला, जहाजाचं यान केलं, मूर्तीचं यंत्र केलं. चित्रपटाला नाव दिलं ‘पहिलं पाऊल’. इथवर देशिंगकर खूश होते.

“मूळ गोष्टीत तिच्या बापाला ते बघवत नाही,” देशिंगकर म्हणाले. “लेकीचे हाल थांबावेत म्हणून तो मूर्ती जाळायला लावतो. आणि लेक त्याच जाळात उडी घेते. तिथे गोष्ट संपते.”

“सर, लोक तिकीट काढून एवढं सोसायला येत नाहीत,” खर्डेकर म्हणाले. “आपल्याकडे बाप यंत्र बंद करतो, मुलगी भानावर येते आणि बापाच्या गळ्यात पडते.”

“मग उरलं काय गोष्टीत?”

संताजीनं हातातली फोलपटं फुंकली. “सर, पर त्या बाप्यानं जाळायच्या आधी लेकीशी बोलून बघितलं हुतं काय?”

“तसं काही गोष्टीत नाही,” देशिंगकर म्हणाले आणि पुन्हा खर्डेकरांकडे वळले.

संताजी चौगले हा त्यांचा जावई. कागलकडचा, तालमीत वाढलेला, नायकाच्या जागी उड्या मारून पोट भरणारा. देशिंगकरांची एकुलती एक लेक शाल्मली त्याच स्टुडिओत ध्वनिसंकलन करायची. पावलांचे, श्वासांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज चित्राशी जुळवणं हे तिचं काम. संताजीचा उडी मारण्याआधीचा श्वास ऐकूनच आपण त्याच्या प्रेमात पडलो, असं ती बिनदिक्कत सांगायची. तिची आई हयात असती तर तिनं नवऱ्याची समजूत काढली असती. देशिंगकरांनी लग्नात अक्षता टाकल्या, पण तोंड वाकडं करूनच. जावई त्यांना सरच म्हणायचा. मामा म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

* * *

आता ठसा म्हणजे काय, ते सांगायला हवं.

त्या काळात नटाचं नुसतं चित्रण करत नसत, त्याचा ठसा घेत. हजारो संवेदक विणलेला, अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून माणसाला काही आठवडे एका खोलीत वावरायला लावायचं. तो चालतो कसा, दचकतो कसा, खोटं बोलताना कुठे बघतो, कोणत्या शब्दावर अडतो, हे सगळं यंत्र टिपून घ्यायचं. त्यातून तयार व्हायचा एक अंदाज: अमुक प्रसंगात हा माणूस पुढच्या क्षणी काय करेल आणि काय बोलेल. हा अंदाज सेकंदाला शेकडो वेळा बांधला जायचा आणि भिंतभर पडद्यावर हाडामांसाच्या माणसासारखा उभा राहायचा. ‘पहिलं पाऊल’च्या नायकाला सवड नव्हती, म्हणून त्याचा फक्त चेहरा घेतला होता. अंग, चाल, श्वास, बोलण्याची लय, सगळं संताजीचं.

ठशाला सवयी असत, पण पात्राचं गतायुष्य त्याला बाहेरून द्यावं लागे. स्टुडिओत त्याला ‘भरण’ म्हणत. लेखकानं वाक्यं लिहायची, जसं की ‘मी चंद्रावरच्या वसाहतीत जन्मलो’ किंवा ‘माझा भाऊ खाणीत गेला’, आणि तंत्रज्ञानं ती यंत्रात घालायची. ते वाक्य त्या माणसाच्या तोंडून सहज यावं म्हणून यंत्र ठशाच्या आतल्या लाखो जोडण्या किंचित किंचित सरकवून घ्यायचं. मग ठसा ते वाक्य नुसतं बोलत नसे, ते त्याला आठवत असे. चहात विरघळलेली साखर जशी पुन्हा वेगळी काढता येत नाही, तसं हे भरण काढून घेता येत नसे. या चित्रपटाचं भरण लिहिण्याचं काम देशिंगकरांकडे होतं.

यानाच्या शिडीवरून उडी मारण्याचा सराव चालला असताना संताजीच्या पाठीवरच्या दोराचा आकडा सुटला. उंची फार नव्हती, पण तो मानेवर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या सकाळी पहिली उडी खरं तर दुसऱ्याची होती. त्याचा घोटा दुखत होता, म्हणून संताजी पुढे झाला होता. हे कळलं तेव्हा देशिंगकरांना आपल्याच गोष्टीची भीती वाटली.

* * *

चित्रपट ठशावर पुरा करायचं ठरलं. नायकाचे श्वास जुळवायचे म्हणून शाल्मलीला ठशासमोर बसणं भाग होतं. यंत्र चालवणारी फरझाना मुजावर तिची मैत्रीण. तिच्याकडे भरण घालण्याआधीचा कोरा ठसाही जपलेला होता. त्याला यान, परग्रह काही ठाऊक नव्हतं. पण ठसा देण्याच्या दिवसांत संताजी त्या खोलीत तासन् तास घरच्याच गप्पा मारायचा, त्यामुळे त्याला शालू, म्हणजे शाल्मली, ठाऊक होती, कागलची आई आक्का ठाऊक होती, सासऱ्यांचा धाकही ठाऊक होता. एकदाच दाखव, असं शाल्मली म्हणाली. फरझानानं दाखवला. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तरी त्यानं दाखवलाच असता.

पुढे पुढे शाल्मली घरी फक्त अंघोळीपुरती येऊ लागली. देशिंगकर तिला बघायला स्टुडिओत गेले. ती चटईवर बसली होती. पुढ्यात डबा उघडा आणि दोन ताटल्या वाढलेल्या. समोरच्या भिंतीत संताजी मांडी घालून बसला होता.

“शालू, तू खा की आधी,” तो म्हणत होता. “माझं काय, मी निवांत हाय.”

मग त्यानं मान वर केली. “सर आलं की. या सर, बसा. उभं का?” आणि तो अंग चोरून जरा बाजूला सरकला. सासरे आले की तो नेहमी असाच सरकायचा.

देशिंगकर दारातच थांबले. ते चौकट धरून उभे राहिले. हे यंत्र कसं चालतं ते त्यांना पुरतं माहीत होतं, तरी ‘बस, बस’ म्हणायला त्यांचा हात वर झालाच.

“बघा बाबा, तुम्ही आलात की अजून गडबडतो,” शाल्मली म्हणाली आणि हसली. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. दोन्ही ताटल्यांतलं अन्न तसंच होतं.

थोड्याच दिवसांत ती स्टुडिओच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी देशिंगकरांना बाजूला घेतलं. “अंगात काही राहिलेलं नाही हिच्या. हट्टानं उपाशी राहणाऱ्याला समजावता येतं. ही जेवायचं विसरते. असंच चाललं तर हृदय दगा देईल.” सलाइन संपल्याबरोबर शाल्मली उठून पुन्हा स्टुडिओत गेली. रिक्षा तिनंच बोलावली.

खर्डेकर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “सर, चित्रपट गेला खड्ड्यात. मी आत्ता तो ठसा पुसायला सांगतो.”

“नको,” देशिंगकर इतक्या जोरात म्हणाले, की कँटीनमधल्या माणसांनी वळून पाहिलं. “पुसलात तर ती जगायची नाही. तुम्ही शेवट बदललात म्हणून तो बदलत नसतो.”

खर्डेकर उठून गेल्यावर टेबलाशी फरझाना तेवढी उरली. देशिंगकर बराच वेळ कपातली साय चमच्यानं बाजूला करत राहिले.

“त्या ग्रीक बापाचं कुठे चुकलं, ते मला कळलंय,” शेवटी ते म्हणाले. आवाज वर्गातला होता. “त्यानं मूर्ती जाळली आणि लेकीचं प्रेम तसंच ठेवलं. आधी प्रेम विझायला हवं होतं. मग मूर्ती आपोआप अडगळीत गेली असती.”

“म्हणजे काय करायचं, सर?”

“मी भरण लिहून देतो. कोऱ्या ठशासाठी.”

फरझानाला समजायला क्षणभर लागला. “तुम्ही संताजीला वाईट करणार.”

“ठशाला. संताजी गेलाय.”

“भरण परत काढता येत नाही सर. दुसरी कोरी प्रत नाही माझ्याकडे.”

“माझी मुलगी गेली तर तीही दुसरी नाही.”

फरझानानं डोळे पुसले. “मी घालीन,” ती म्हणाली, “पण वाचणार नाही.”

एवढा शिकलेला माणूस, लेकीजवळ बसून चार शब्द बोलणं त्याला का सुचलं नाही, असं कोणी विचारेल. पण देशिंगकरांना लेकीशी बोलायची सवय कुठे होती? ते तिला गोष्टी सांगत आले होते. संकट आलं तेव्हाही त्यांना गोष्टच आठवली. तिच्यातला जाळ तेवढा टाळला की लेक वाचली, असा त्यांचा हिशेब होता.

* * *

पहिली वाक्यं किरकोळ होती. ‘रोज रोज डबा आणू नगंस. त्योच वास, तीच भाजी.’ ‘गुणगुणू नगं गं, डोस्कं उठतंय.’ कागलकडची बोली नीट उतरावी म्हणून देशिंगकर एकेका शब्दावर अडून बसत. जावई जिवंत असताना त्यांनी त्याचं बोलणं कधी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

“आज तो माझ्यावर चिडला,” शाल्मलीनं घरी येऊन सांगितलं. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. “खऱ्यासारखा चिडला, बाबा.”

डाव अंगलट येत होता. देशिंगकरांनी मग हात सैल सोडला. ‘तुझ्या बापाची वळख हुती म्हणून मला कामं मिळाली. न्हाईतर तुझ्यात काय हुतं बघण्यासारखं?’ हे लिहिलं. लग्नाआधीपासून इचलकरंजीत एक बाई आहे, हे लिहिलं. तिच्यासाठी घेतलेल्या साडीचा रंगसुद्धा लिहिला, कारण बारकाव्याशिवाय गोष्ट खरी वाटत नाही, असं ते वर्गात शिकवत आले होते. वाक्यं झरझर सुचत होती. खोडाखोड करावी लागत नव्हती. लग्न ठरलं तेव्हापासून या माणसाबद्दल जे जे वाईट त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, ते सगळं आत कुठेतरी तयारच होतं. हे लक्षात आल्यावर देशिंगकरांना स्वतःची शिसारी आली. तरी पेन काही त्यांनी खाली ठेवलं नाही.

इचलकरंजीचं ऐकून शाल्मली खोलीतून उठून घरी आली आणि दार लावून बसली. दोन दिवस ती जेवली. देशिंगकरांनी स्वतः पिठलं केलं, तिनं मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती चपला घालताना दिसली.

“कुठे निघालीस?”

“त्याच्याकडे. बाबा, गेलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं? तोही एकटाच बसला असेल.”

ती गेल्यावर देशिंगकरांनी ते वाक्य लिहिलं. ते त्यांच्या मनात आधीच येऊन गेलं होतं आणि त्यांनी ते बाजूला सारलं होतं. हे लिहू नये, एवढं त्यांना तेव्हा कळत होतं.

‘आकडा ढिला हाय ते मला ठावं हुतं. तरी बी मारली उडी. घरी यायचा कट्टाळा आलता.’

ते वाक्य ठशात गेलं त्या दिवशी शाल्मली भर दुपारी घरी परतली. ती रडली नाही. तिनं साबणानं चेहरा खसाखसा धुतला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपली. पुन्हा ती त्या खोलीत गेली नाही.

* * *

ती बरी झाली. डॉक्टर म्हणाले, कमाल आहे. गालांवर मांस आलं, दुसऱ्या चित्रपटाचं काम आलं, फोनवर हसण्याचे आवाज येऊ लागले. देशिंगकर स्वयंपाकघरातून ते हसणं ऐकत आणि त्यांना वाटे, आपण जिंकलो. त्या ग्रीकाला जे जमलं नाही ते आपल्याला जमलं.

मग एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “बाबा, आंबोलीला तुमचा पाय मुरगळला होता, आठवतंय?”

“हो.”

“त्यानं तुम्हाला पाठीवर घेतलं. सगळ्या चढणीवर. लोक बघत होते म्हणून. आता कळतंय मला.”

मेंदूचे अभ्यासक सांगतात, की आठवण काही फडताळातल्या बरणीसारखी असत नाही. ती बाहेर काढली की दर वेळी नव्यानं शिजते, आणि त्या वेळी हाताशी जो मसाला असेल तो तिच्यात पडतो. ठशात भरण घालायला यंत्र लागत होतं. शाल्मलीच्या डोक्यात ते काम आपोआप चाललं होतं. लग्नाचा दिवस, तापात त्यानं केलेली सेवा, तिच्या आईच्या फोटोला त्यानं घातलेले हार, एकेक आठवण बाहेर येत होती आणि कडवट होऊन आत जात होती.

आंबोलीला त्या चढणीवर कोणीच नव्हतं. धुकं होतं आणि ते तिघं होते. जावयाच्या मानेवरचा घाम देशिंगकरांच्या गालाला लागत होता. ‘सर, दमलो न्हाई मी, तुमी निवांत बसा,’ असं तो दर वळणावर म्हणत होता. हे सगळं देशिंगकरांना लख्ख आठवत होतं. त्यांनी चहाचा कप विसळला आणि म्हणाले, “असेल.”

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा संताजीची आई कागलहून आली. आक्का उंबऱ्याशी चपला काढून आत आली, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिची तब्येत सुधारलेली पाहून खरंच आनंदली.

“तुला न्यायला आलोय बाई. तू नसलीस तर त्याचं पान कोण वाढणार?”

“मी नाही येणार, आक्का.”

“का गं? पाळी बिळी हाय का?”

“नाही. मला त्याचं काही करायचं नाही. तुम्ही करा, तुमचा मुलगा होता.” आणि शाल्मलीनं तिला सांगितलं. इचलकरंजीचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं. आवाज न चढवता, बातमी वाचून दाखवावी तसं.

आक्का ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, नुसता गोंधळ होता. “माझा संता?” ती म्हणाली. मग ती देशिंगकरांकडे वळली. “सर, तुमी सांगा. तुमच्या डोळ्यांम्होरं नांदली दोगं. तुमी शिकलेली माणसं. माझं लेकरू असं हुतं?”

शाल्मलीही बापाकडे बघत होती. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि देशिंगकरांना ते कळत होतं. खरं सांगितलं तर ही उठून आत्ताच त्या खोलीकडे धावेल, ठशापुढे डोकं आपटेल, आणि पुन्हा ती दोन ताटं, ती गळ्याची हाडं.

“नवरा-बायकोतलं आपल्याला काय कळतं, आक्का,” ते म्हणाले.

आक्कानं पदर डोक्यावर नीट ओढला. चहा घेतला नाही. बसस्टँडपर्यंत सोडायला देशिंगकर निघाले, तेव्हा ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणून तिनं त्यांना फाटकातच थांबवलं.

* * *

‘पहिलं पाऊल’ पुरा झाला. काम संपलं की ठसा पुसायचा, आणि माणूस हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगानं पुसताना समोर असायचं, असा नियम होता. शाल्मली म्हणाली, चला बाबा, एकदाचं उरकून टाकू.

फरझानानं खोली उघडून दिली आणि ती भिंतीकडे पाठ करून उभी राहिली. पडदा उजळला. संताजी उकिडवा बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि गडबडून उठला.

“शालू. आलीस व्हय.” मग देशिंगकर दिसले. “सर, या की.”

“मी पुसायला आलेय तुला,” शाल्मली म्हणाली. “त्याआधी एक सांग. जे बोललास ते खरं होतं?”

उडी मारण्याआधी तो घ्यायचा तसा एक श्वास त्यानं घेतला. शाल्मलीचे खांदे एवढेसे हलले.

“बोललोय मी. आठवतंय मला समदं,” तो म्हणाला. “पर का बोललो, त्ये घावंना. लई हुडकलं. तुझ्यावर राग कवा आलता, इचलकरंजीला कवा गेलतो, कायबी घावंना. नुसतं वाक्य हाय, त्याच्या मागं कायच न्हाई.” त्यानं खाली पाहिलं. “पर तोंड माझंच हाय न्हवं. म्हंजे मीच बोललो. दुसरा कोण येतोय माझ्या तोंडानं बोलायला? चुकलं माझं, शालू.”

ज्याला देशिंगकर पहिल्यापासून आडदांड समजत आले, त्याचा हा नुसता ठसा, हिशेबांचा ढीग. आणि तोही न केलेला गुन्हा अंगावर घेत होता. करणारा तर चार पावलांवर उभा होता. फरझानानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. देशिंगकरांनी ओठ उघडले, आणि त्यांना लेकीचा भरलेला गाल दिसला, कानामागे नीट खोचलेले केस दिसले. त्यांनी ओठ मिटले.

“सर,” भिंतीतून संताजी म्हणाला, “हिला संभाळा.”

शाल्मलीनं कळ दाबली.

भिंत पांढरी झाली. पुसायला वेळ लागतो अशी देशिंगकरांची समजूत होती. तसं काही झालं नाही. फरझाना खोलीबाहेर निघून गेली.

* * *

परतताना शाल्मलीनंच गाडी एका खानावळीपाशी थांबवली. भूक लागलीय, म्हणाली. तिनं दोघांसाठी ताटं मागवली, तांबडा रस्सा वाटीत ओतून घेतला आणि भाकरी कुस्करू लागली. बाहेर ऊन होतं. रस्त्यावर ट्रॅक्टर, शाळेच्या बस, रोजचं सगळं चाललं होतं.

देशिंगकर लेकीकडे बघत होते. ती पोटभर जेवत होती आणि त्यांना त्या दुसऱ्या लेकीची आठवण येत होती, जाळात उडी घेतलेल्या. तिच्या बापाला आयुष्यभर तिच्यासाठी रडता तरी आलं असेल. आपली लेक समोर बसली आहे, जिवंत आहे, आणि संताजी चौगले नावाचा एक भला माणूस तिच्यावर जीव टाकत होता, हे आता जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे. फरझानाला थोडं, आक्काला थोडं. पण आक्काच्याही मनात आपण खडा टाकून ठेवला आहे. त्यांच्या ताटातली भाकरी तशीच होती.

“बाबा, एक विचारू?” शाल्मली म्हणाली. “तुम्हाला तो पहिल्यापासून पसंत नव्हता. मी तेव्हा तुमच्याशी किती भांडले. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण तुम्हाला दिसत होतं.” तिनं वाटी बाजूला सारली. “तुम्हाला कधी कळलं, तो तसा आहे ते?”

लग्नाच्या वेळी हेच वाक्य तिच्या तोंडून ऐकायला देशिंगकरांनी काय वाटेल ते दिलं असतं. ते तिच्या डोळ्यांत बघत राहिले. त्यांत शंका नव्हती. फक्त बापावरचा विश्वास होता, लहानपणी गोष्ट ऐकताना असायचा तसा. आता ती खोली नव्हती, तो ठसा नव्हता. खरं सांगितलं असतं तर धावत जायला तिला जागाच उरली नव्हती. उरला असता फक्त समोर बसलेला बाप, आणि त्याच्याकडे ती पुन्हा कधी अशा डोळ्यांनी बघणार नव्हती.

“पहिल्याच दिवशी,” देशिंगकर म्हणाले.

तिनं मान हलवली, त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, आणि वाढप्याला हाक मारून त्यांच्यासाठी गरम भाकरी मागवली.